फर्स्ट कॉपी घड्याळ घरीच उघडून रिपेअर करायचंय, कुठून सुरू करू?

पौडफाटा_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी. चुलतभावाने दुबईहून येताना माझ्यासाठी रोलेक्स सबमरीनरची फर्स्ट कॉपी आणली, काळी तबकडी, ऑटोमॅटिक. ती खोटी आहे हे त्यालाही माहितीये आणि मलाही, त्यामुळे त्यावरून लेक्चर नको प्लीज. प्रॉब्लेम असा की घड्याळ दिवसाला सात-आठ मिनिटं पुढे पळतं आणि रात्री काढून ठेवलं की सकाळपर्यंत बंद. पुण्यात लक्ष्मी रोडला एका दुकानात नेलं तर काकांनी झाकण न उघडताच परत दिलं, म्हणे आम्ही कॉपीला हात लावत नाही. दुसऱ्याने सरळ आतलं मशीन बदला म्हणून सांगितलं. आता वाटतंय आपणच उघडावं, इंजिनिअरिंग केलंय तर हात तरी शिवशिवतातच. यात जपानी सेको कंपनीचं एनएच३५ मशीन बसेल का? आणि ते वरचं खोटं नाव घालवून साधी तबकडी टाकता येईल का?

चिमटा_आणि_भिंग:
मशीन बदलायची घाई नको, आधी रोग तरी बघा. मिनिटांच्या हिशोबात पुढे पळतंय म्हणजे पहिला संशय मॅग्नेटचा. घड्याळाचा ठेका धरणाऱ्या बॅलन्स चाकावरच्या हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भराभर फिरायला लागतो. फोनचं मॅग्नेटवालं कव्हर, लॅपटॉपचे स्पीकर, बायकोच्या पर्सचं बटण, कुठेही होतं हे. फोनमधलं कंपास ॲप उघडा आणि घड्याळ वर धरा, सुई थरथर करायला लागली तर समजा. ऑनलाइन एक निळा डबा मिळतो डीमॅग्नेटायझर म्हणून, स्वस्त आहे, बटण दाबून धरायचं, घड्याळ हळूहळू लांब न्यायचं आणि मग बटण सोडायचं, जवळ असतानाच सोडलंत तर परत मॅग्नेट बसतं. त्याने नाही गेलं तर मग हेअरस्प्रिंगवर तेल उडालंय का ते बघावं लागेल, या मशीनमध्ये बऱ्याचदा कुठे तेलाचा पूर तर कुठे ठणठणीत कोरडं असतं.

रात्री बंद पडणं हा कदाचित वेगळाच विषय आहे. स्वस्त कॉपीत बहुतेक डीजी२८१३ नावाचं चायनीज मशीन असतं, जपानी मियोटा ८२१५ च्या धाटणीचं, ताशी २१,६०० ठोके आणि रोटर (हात हलला की फिरणारं वजन) एकाच बाजूला फिरताना चावी भरतो. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून माऊस हलवणार, मग ते बिचारं भरणार तरी कधी. चावी स्क्रूवाली असेल तर सोडवा, हाताने तीसेक फेरे द्या आणि घड्याळ टेबलावर नुसतं ठेवून किती तास चालतं बघा. दीड दिवसाच्या आसपास चाललं तर मेनस्प्रिंग (चावीचा जोर साठवणारी स्प्रिंग) ठीक आहे, रोटरकडचं काहीतरी किंवा तुमची बैठी नोकरी.

पौडफाटा_पॅसेंजर:
दादा कंपासची सुई येड्यासारखी नाचली 😅 डबा ऑर्डर केला. चावीची टेस्ट आज रात्री लावतो. एनएच३५ चं काय मग?

बाणेर_बेझेल:
एनएच३५ त्या केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या डबीत) सरळ बसणार नाही, आधीच सांगतो. त्याचा व्यास २७.४ मिमी, ८२१५ चा २६, आणि जाडीत एनएच ५.३२ तर मियोटा ५.६७. म्हणजे आतली प्लास्टिकची रिंग बदला, चावीची दांडी ज्या उंचीवर बाहेर येते ती केसच्या भोकाशी जुळते का बघा, तबकडीचे मागचे पाय वेगळ्या जागी असतात ते कापा आणि डायल डॉट्सने (चिकट ठिपक्यांनी) चिकटवा, काट्यांची भोकं जुळवा. एवढी झटापट करण्यापेक्षा एनएच३५ साठीच बनवलेली कोरी केस घ्या, २८.५ मिमीची बिननावाची तबकडी घ्या, काटे १.५०/०.९०/०.२० मिमी भोकांचे (तास/मिनिट/सेकंद) घ्या. सगळं एकमेकांत बसतं कारण ते तसंच बनवलेलं असतं. मी असंच केलंय आणि आता सगळे विचारतात कुठल्या कंपनीचं, तेव्हा सांगायला मजा येते की कोथरूडच्या डायनिंग टेबलची कंपनी.

दांडी काढताना मात्र जपून. ईटीए २८२४ या स्विस मशीनच्या टाइपमध्ये दांडी सोडवायचं बारकं बटण जास्त दाबलं की आतला सेटिंग लिव्हर (दांडी पकडून ठेवणारा) जागेवरून निसटतो आणि मग तबकडी काढल्याशिवाय परत बसत नाही.

कोर्टाची_पायरी:
लेक्चर नको म्हणालात, देत नाही, पण कायद्याची गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४. खोटा ट्रेडमार्क लावणं, आणि तसा माल विकणं किंवा विकायला जवळ ठेवणं, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दुरुस्त करणं यात बसत नाही. पण उद्या हौसेने सुधारलेली कॉपी ओएलएक्सवर टाकलीत की बसतं, आणि "कॉपी आहे" असं लिहून टाकलंत तरी ट्रेडमार्क खोटा तो खोटाच. दुबईहून विकायला आणखी दोन-चार मागवायचा विचार असेल तर कस्टम्सला असा माल अडवायचा अधिकार आहे, २००७ चे नियम आहेत.

आणि बाणेरवाले, कोऱ्या तबकडीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण मॉडवाले, म्हणजे सुटे भाग जोडून घड्याळ बनवणारे लोक, सेको लिहिलेल्या तबकड्या सर्रास वापरतात ज्या सेकोने कधी बनवलेल्याच नसतात. तीही कॉपीच ना? रोलेक्सची तेवढी वाईट आणि सेकोची चालते असं कसं.

बाणेर_बेझेल:
मान्य. म्हणूनच बिननावाची म्हटलं.

जुनाबाजार_रविवार:
तुम्ही सगळे चायनीज मशीनच्या मागे का लागलाय कळत नाही. शिकायचंय ना? मग रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात या आणि एक बंद पडलेली एचएमटी जनता किंवा पायलट उचला. १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), हाताने चावी द्यायची, ताशी १८,००० ठोके, जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ ला बंगळूरला कारखाना निघाला त्याच घराण्यातलं मशीन. ऑटोमॅटिकची भानगड नाही, तारखेची भानगड नाही, पार्ट मोठे आणि दुसऱ्या भंगार एचएमटीतून काढून लावता येतात. २०१६ ला सरकारने कंपनी बंद करायचं ठरवल्यापासून भाव वाढलेत तरी बंद पीस परवडतो. फक्त चकचकीत, गुलाबी-पोपटी तबकडीवाली दिसली तर घेऊ नका, ती बॉम्बे स्पेशल, म्हणजे रंग मारून परत छापलेली. ज्याला कॉपी नको त्याने तिथेही डोळे उघडे ठेवायचे.

पहिल्यांदा खोलताना पंखा बंद, खाली पांढरा कागद, आणि पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याला अडवणारा काटा) काढायच्या आधी चावीचा जोर पूर्ण उतरवायचा म्हणजे उतरवायचाच. क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा खटका) बाजूला धरून चावी बोटांत हळूहळू सोडायची. नाहीतर फोर्क निघाल्या निघाल्या सगळी चाकं भर्रकन फिरतात आणि बारीक पिव्हट (चाकाच्या आसाचं टोक) मोडतो. आणि धुताना बॅलन्स व फोर्क आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवू नका, त्यातले खडे शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात, शेलॅक विरघळतं. लायटरचं पेट्रोल चालतं.

पौडफाटा_पॅसेंजर:
अपडेट. डबा आला, तीनदा फिरवलं, आता दिवसाला वीस-पंचवीस सेकंद पुढे आहे, मिनिटं गेली. चावी भरून ठेवलं तर ३७ तास चाललं. म्हणजे मशीन बरंच आहे, दुकानदार उगाच बदलायला लावत होता. आता हे न उघडता असंच वापरतो, पण वरचं नाव मला डाचायला लागलंय, तेव्हा कोऱ्या केसचा हिशोब बाणेरकरांकडून घेतो. आणि जुनाबाजार काका, रविवारी किती वाजता असता तिथे? चिमटा कुठला घेऊ तेही सांगा, बोहरी आळीत मिळेल का?

जुनाबाजार_रविवार:
आठच्या आत या, चांगला माल नंतर राहत नाही. चिमटा बोहरी आळीत शोधत बसू नका, तिथले जाड असतात, घड्याळाच्या स्पेअरवाल्याकडे नॉन-मॅग्नेटिक मागा. पुन्हा कंपास नाचायला नको.

चिमटा_आणि_भिंग:
झाकण उघडायला रबरी बॉलही घ्या, सैल असेल तर ओरखडा न पडता उघडतं. आणि एकदा उघडलंत की झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय पावसात घालू नका, डायलवर पाण्याचे कितीही मीटर छापलेले असोत.