वर्धापनदिन, पुण्यतिथी की नुसतीच तारीख?

अंबडची मधली पाळी
मंडळी, घाईत विचारते. आमच्या कंपनीचं महिन्याचं गृहपत्रक माझ्या गळ्यात पडलंय. डावीकडे वाढदिवस, उजवीकडे दिनविशेष. ३० सप्टेंबरच्या ओळीत डावीकडे माझंच नाव. जन्म १९९३चा. पहाटे ३.५६ला किल्लारी हादरली आणि दुपारी मी इथे नाशिकात जन्मले. उजवीकडे शिकाऊ पोराने लिहिलं, 'किल्लारी भूकंपाचा वर्धापनदिन'. मी ते खोडून 'पुण्यतिथी' केलं. तर मामा म्हणाले, "का गं, भूकंप वारला का?"

हसू नका. आमच्या स्टोअरला एक दादा आहेत, औसा तालुक्यातले. दरवर्षी मी पेढे वाटते. ते घेतात, वहीच्या पानात गुंडाळून डब्यात ठेवतात आणि १ तारखेला चहाबरोबर खातात. पहिल्या वर्षी मला वाटलं, साखर आहे वाटतं यांना. पत्रक तेही वाचणार. काय लिहू? शनिवारी छापायला जातंय.

तांबट आळी
पोरगं चुकलं, पण चूक गमतीची आहे. वर्धापन म्हणजे मुळात वाढदिवसच. धर्मशास्त्रात वर्धापनविधी आहे. आमचे आजोबा वाढदिवसाला मार्कंडेयाची पूजा करून तीळ-गूळ घातलेलं दूध ओंजळीत द्यायचे, आणि ते कोपरावरून ओघळायचं. पुढे पतपेढ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला, माणसाकडे वाढदिवस उरला. भूकंपाचा वर्धापनदिन म्हणजे त्याला उदंड आयुष्य चिंतण्यासारखं झालं.

शुद्धलेखन
वाढीवरून निघालाच आहे विषय, तर 'लग्नाचा वाढदिवस' हा प्रयोगही बंद करा. लग्न काय वाढतं?

तांबट आळी
आमचं वाढलं. दोघांचे सात झालो.

नाशिकरोड पूर्व
टीव्हीवर 'बरसी' म्हणतात ना?

शुद्धलेखन
हिंदी चॅनेलवर म्हणतात. मराठीत वर्षश्राद्ध आहे.

पंचवटीकर काकू
वर्षश्राद्ध पहिल्या वर्षी एकदाच, दादा. आणि ते माणसाचं, घटनेचं नाही. माझा नातू २७ ऑगस्टचा. २००३च्या कुंभात त्याच तारखेला शाहीस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. आमच्या गल्लीत त्या दिवसाला कुणी स्मृतिदिन वगैरे म्हणत नाही, 'चेंगराचेंगरी झाली तो दिवस' म्हणतात. म्हणून मी नातवाचं औक्षण तिथीनं करते. तिथी सरकते, तारीख बसते तिथेच.

भगूरचा
तारीख अरबी. दिनांक लिहा. सावरकरांनी दिलेला शब्द आहे, आमच्या गावच्या माणसाचा.

नाशिकरोड पूर्व
मग कोर्टात 'दिनांक पे दिनांक' म्हणू का?

तांबट आळी
पुण्यतिथीला मात्र तिथी लागते. कुसुमाग्रजांचा २७ फेब्रुवारी जन्मदिन, १० मार्च स्मृतिदिन. १० मार्चला पुण्यतिथी म्हणणं मला खटकतं. जयंतीचंही तेच. श्रावणातल्या वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं की तो जयंती योग, शब्द तिथला आहे.

भगूरचा
म्हणजे शिवजयंती तिथीनेच, बरोबर?

पंचवटीकर काकू
नको रे बाबा. मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.

उमरग्याची लेक
मी मूळ उमरग्याची, सासर नाशिकला. आमच्याकडं 'भूकंपात' एवढं म्हटलं की पुरे होतं. 'भूकंपात ही दीड वर्षाची होती', 'ते भूकंपाआधीचं घर'. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती, सगळं अंगावर आलं. आमची आत्या अजून बाज अंगणात टाकते, थंडीतसुद्धा. त्या दिवसाला नाव म्हणाल तर 'तीस सप्टेंबर'. नाही तर सरळ, 'आज इतकी वर्षं झाली'. काय झालं ते सांगावं लागत नाही.

तांबट आळी
अगदी. मराठीत हे काम क्रियापदच करतं. 'पानशेतला इतकी वर्षं झाली.' नाम हवं असतं ते फलकाला आणि पत्रकाला. आणि मुंबईच्या हल्ल्याला तर तारीखच नाव झाली, सव्वीस अकरा.

शुद्धलेखन
'सव्वीस अकरा' हा अमेरिकी नऊ-अकराचा उतारा आहे. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन आहे, तो आधी म्हणा.

नाशिकरोड पूर्व
माझी मेव्हणी २६ नोव्हेंबरची. स्टेटसला शुभेच्छा टाकल्या की खाली कुणीतरी मेणबत्ती टाकतंच. ती म्हणते, "माझ्या फोटोखाली नका रे."

अंबडची मधली पाळी
शेवटी दादांनाच विचारलं, तुमच्याकडे काय म्हणता? म्हणाले, "म्हणत कुठं काय? सकाळी लवकर जाग येते त्या दिवशी." मग पत्रक उलटं धरून माझ्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे राहू द्या. पेढे कंदी आणा या वेळी, टिकतात दुसऱ्या दिवसापर्यंत."
दिनविशेषात 'किल्लारी भूकंप, १९९३' एवढंच ठेवलं. छापायला गेलं.

शुद्धलेखन
कंदी पेढा साताऱ्याचा. नाशिकात मिळतो त्याला कंदी म्हणू नये.

भगूरचा
आणि गृहपत्रक नव्हे, गृहपत्रिका. पत्रक म्हणजे हँडबिल.