आर्तेमिसियाची ज्युडिथ वर्गात दाखवू का?

प्रश्न, अमळनेर:
मी शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या पोरींना सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार आर्तेमिसिया जेंटिलेस्की हिचं ज्युडिथचं चित्र दाखवायचं आहे. बायबलच्या कथेतली ज्युडिथ शत्रूचा सेनापती होलोफर्नेसचा गळा चिरतेय, गादीवर रक्ताचे ओघळ. पालक ओरडतील का?

धुळ्याहून:
ताई, बिनधास्त दाखवा. रक्त राहू द्या, हात बघायला लावा. बाह्या वर सारलेल्या, दासी अंगाचा सगळा भार टाकून त्याला दाबतेय. माझी माय खापरावर मांडे टाकायची तेव्हा तिचे दंड असेच दिसायचे. ह्याच प्रसंगाच्या चित्रकार कॅराव्हाज्जोच्या चित्रात दासी म्हातारी, नुसती बाजूला उभी!

प्रश्नकर्ती:
मांडे! हे वर्गात सांगणारच. पण आर्तेमिसियावरच्या बलात्काराच्या खटल्याचं काय करू?

जळगावहून:
सांगा, पण तिथेच थांबू नका. बलात्कार चित्रकार तास्सीनं केला आणि १६१२ मध्ये साक्ष खरी का हे बघायला दोऱ्या आवळल्या हिच्या बोटांना. चित्रकाराच्या बोटांना, भो! त्याआधी, १६१० मध्ये, सतराव्या वर्षी तिनं 'सुझाना' रंगवली होती, म्हाताऱ्यांनी छळलेली बायबलमधली बाई. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत शिरलेली पहिली बाई हीच.

प्रश्नकर्ती:
मग 'सुझाना'पासूनच सुरू करते. प्रोजेक्टर तेवढा चालला पाहिजे, आमच्याकडे दुपारी लाईट जाते.