अनुभव धागा: आपल्या ऑर्केस्ट्रात यायच्या आधी तुम्ही काय वाजवत होता?

कीबोर्डवाला

गणपतीच्या सातव्या दिवशीचा कार्यक्रम कोणी विसरलं नसेल. चिमूरपासून आत दहा-बारा किलोमीटरवरचं गाव, देवळापुढं स्टेज, आणि चौथ्याच गाण्यात लाइट गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला, चावी त्याच्या खिशात. कीबोर्ड मेला, ऑक्टापॅड (काडीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) मेलं, गिटार कोणी डबा खाजवल्यासारखी वाजे. समोर पोट्टे शिट्या मारून राह्यले. मग आपण बिनलाइटीचं वाजवायला घेतलं. नालवाला (नाल म्हणजे ढोलकाचाच प्रकार) भजनात शिरला, ऑक्टापॅडवाल्यानं स्टेजच्या प्लायवूडवर भलताच ठेका धरला, ताईंनी आपली पट्टी सोडली नाही, आणि मी देवळातून मागून आणलेल्या पेटीवर तिघांच्या मागं धावत होतो. वीस मिनिटं. लाइट आली तेव्हा गावानं ज्या टाळ्या वाजवल्या, त्या लाइटीसाठी होत्या.

एरवी आपण सिनेमाची गाणी हुबेहूब वाजवतो, बासरीचा तुकडासुद्धा सोडत नाही. पण वीज गेली की जो तो आपापल्या घरी पळतो. ते घर कोणतं, ते इथं लिहा. लाजू नका. मीच सुरुवात करतो.

माझा गुरू म्हणजे मामाचा टेपरेकॉर्डर, सेलवर चालणारा. एक तुकडा ऐकायचा, बटण दाबायचं, मागं घ्यायचं, पेटीवर सूर शोधायचा. सेल उतरले की टेप हळू फिरते आणि गाणं खाली घसरतं, हे मला कोण सांगणार? अर्धी गाणी मी मूळ पट्टीच्या खालून बसवली. काही तर काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध असायची, जिथं पेटीला पट्टीच नाही. मला वाटायचं, पेटी बिघडली. पुढं एकदा आकाशवाणी नागपूरवर तेच गाणं लागलं तर म्हटलं, हे काय भलत्याच पट्टीत लावून राह्यले! कीबोर्डची पट्टी वर-खाली करणारं ट्रान्सपोजचं बटण ज्यानं काढलं त्याचा फोटो मला देव्हाऱ्यात ठेवायचा आहे.

नालवाला

माझं घर म्हणजे खंजिरी. आमच्या गावी गुरुदेव सेवा मंडळ, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि त्यानंतर भजन. 1942 च्या ऑगस्टात, 'चले जाव'च्या वेळी, चिमूर पेटलं त्याआधी तुकडोजी महाराजांची भजनं या भागात घुमत होती, हे आम्हाला शाळेच्या आधी घरी समजलं.

तिसरीत असताना हातात खंजिरी आली. दिसायला सोपी. एका हातात धरायची आणि त्याच हाताच्या बोटांनी कातडं दाबून आवाज वर-खाली करायचा. दुसरा हात मारायला. दोन्ही हातांना वेगळी अक्कल लागते. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, भद्द वाजतं, म्हणून भजनाआधी चुलीपुढं शेकायची. जास्त शेकली की तडकते. माझ्या हातून मंडळाचीच तडकली. बाबांनी मारलं नाही, पण त्यानंतर दोन महिने मला टाळच दिले. टाळ वाजवणाऱ्याला वाटतं आपण काहीच करत नाही, पण लय धरणं मी तेव्हाच शिकलो.

खोडही तिथलीच आहे. खंजिरी भजनात लय चढत जाते, चढलीच पाहिजे, नाहीतर माणसं घरी जातात. तुम्ही मला रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवायला लावता आणि दर वेळी म्हणता, 'भाऊ, पळू नको.' पळत नाही रे, चढतो.

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला बाबांसोबत त्यांच्या आश्रमाच्या गावी, मोझरीला जायचो. दुपारी 4 वाजून 58 मिनिटं, म्हणजे महाराज गेले ती वेळ, झाली की सगळं थांबतं. एवढी माणसं, आणि एक आवाज नाही. लहान पोरंसुद्धा गप. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाबरून बाबांचा सदरा धरला होता.

गाणाऱ्या ताई

माझी पट्टी सोडली नाही म्हणता, तर ती कुठून आली ते ऐका. आई रोवणीला (धान लावायला) जायची, सुट्टीत मीही. बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, एका रांगेत पंधरा-वीस बाया, गुडघाभर चिखल, हातात धानाचे रोप. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. कंबरेत वाकलेलं असलं की पोटाला जागाच नसते, आवाज गळ्यातून निघतो, बारीक आणि टोकदार. तो पलीकडच्या बांधीत पोचला की तिकडल्या बाया उत्तर देतात. तिथं काळी पाचच्या, म्हणजे एवढ्या उंच पट्टीच्या, खाली गाणारीला कोणी विचारत नव्हतं.

नंतर क्लास लावला. गांधर्व महाविद्यालयाच्या, गाण्याच्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, 'पोटातून गा, गळा मोकळा सोड.' तेव्हापासून माझ्याकडं दोन आवाज आहेत. माईक असला की बाईंचा, माईक गेला की आईचा. त्या रात्री कीबोर्डवाले भाऊ पेटीवर पट्टी शोधत होते, मी बांधीत उभी होते.

सासरी लग्नाआधी 'मुलगी भजन म्हणते' एवढंच सांगितलं होतं. ऑर्केस्ट्रा हा शब्द तीन वर्षांनी उच्चारला.

गिटारवाला

माझं काहीच नाही हो. नागपूरला होस्टेल, रूममेटची गिटार, मोबाईलवर बघून चार कॉर्ड. बोटांना घट्टे आले आणि चार विषय राहिले. नालवाले भाऊ चढायला लागले की माझे कॉर्ड खाली राहतात, एवढाच माझा संगीताचा इतिहास.

ऑक्टापॅडवाला

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

आमच्या घरी पिढ्यांपासून डफडं. लग्न असो, मयत असो, गावात वाजवायचं ते आमच्या घरानं. मोबदला म्हणजे धान्य, तेही मागायला जायचं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली, तिथं आजोबा गावातल्या लोकांसोबत गेले होते. परत आल्यावर त्यांनी डफड्याचं कातडं विळ्यानं कापून टाकलं. लाकडी कडं मात्र फेकलं नाही, खुंटीला टांगून ठेवलं. गावचं बोलावणं आलं तर म्हणायचे, 'आता नाही.' त्यापुढं एक शब्द नाही. त्यावरून बरंच झालं गावात, ते इथं लिहीत नाही. मी लहानपणी त्या कड्यातून डोकं काढून खेळायचो. ते काय आहे, हे मला आठवीत समजलं.

जयंतीला, 14 एप्रिलला, गाण्याची पार्टी यायची. पेटी, ढोलक, बेंजो. बेंजो म्हणजे आपला टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तारांचा. वामनदादा कर्डकांची गाणी रात्रभर. मी ढोलकवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसायचो. बाबा म्हणाले, 'हे शिक. हे कोणाच्या दारात नाही वाजवत, आपल्या दारात वाजवतात.' तो ढोलकवाला माझा गुरू.

ऑक्टापॅड मी जुनं घेतलं, नागपूरहून. घरी आणून ओट्यावर ठेवलं तर बाबांनी आठही पॅडांवर एकेक बोट मारून पाहिलं. एका पॅडवर डफड्यासारखा आवाज लावलेला होता. बाबा तिथं थांबले. परत मारून पाहिलं. मग म्हणाले, 'हा काढ.' काढला, आजपर्यंत परत लावला नाही.

त्या रात्री प्लायवूडवर मी जो ठेका धरला तो ढोलकचा नव्हता. मला तो कोणी शिकवला नाही. बाबांनीसुद्धा कधी माझ्यासमोर काही वाजवलं नाही.

ऑर्गनवाले काका

मी तुमच्यात कधीमधी येणारा पाहुणा, तरी लिहितो.

वडसा म्हणजे देसाईगंज. दिवाळी झाली की तिथं झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे बोर्ड लागतात आणि होळीपर्यंत माणूस घरी सापडत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, कुठं मंडईची जत्रा, कुठं शंकरपट (बैलांची शर्यत), तिथं रात्री नाटक. पडदा उघडायला दहा-अकरा, संपायला उजाडतं. मी 22 हंगाम पायपेटी, म्हणजे ऑर्गन, वाजवली. डिसेंबरच्या थंडीत पायानं भाता मारत राह्यलं की पाय गरम आणि बोटं बर्फ. बोटं काखेत धरायची आणि नटाचं वाक्य संपत आलं की काढायची.

तिथं हुबेहूब काही नसते बाबू. नट विसरला की त्याले सूर देऊन सांभाळायचं. रडायचा प्रसंग लांबला की तुम्हीबी लांबवा. समोर चार-पाच हजार माणसं घोंगडी पांघरून, वन्समोअर आला की मेलेला माणूस उठून परत गाणं म्हणते आणि परत मरते! मी दोनदा मेलेल्यासाठी तिसऱ्यांदा वाजवलं आहे. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या जुन्या वाजवणाऱ्यांचे फोन दिवसभर सुरू होते.

तुमची तालीम पाहतो तर मोबाईल मधात ठेवून सगळे त्याच्याकडं पाहता. गाणाऱ्या पोरीकडं पाहा. तिचा श्वास कधी संपते ते मोबाईलले माहीत नसते. एका कंपनीनं माझ्या शेवटच्या हंगामाचे पैसे अजून दिले नाहीत. कंपनीचं नाव घेत नाही, पण मालक हे वाचत असेल तर त्यानं समजून घ्यावं.

साऊंडवाला

मी वाजवत नाही म्हणून मला कोणी विचारलंच नाही. तीन वर्षं नागपूरच्या धुमालच्या गाडीवर होतो. गाडीवर कॅसिओ, पॅड, झांज, ताशा आणि भोंग्यांची भिंत. आज गणपती, उद्या कोणाची वरात, परवा दर्ग्याचा संदल. गाडी तीच, पोरं तीच, गाणी बदलायची. माझे कान तिथंच गेले, म्हणून स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरचा आवाज मोठा ठेवतो. तुम्हाला वाटते मी ऐकत नाही. ऐकूच येत नाही.

आता एक सांगतो, रागावू नका. जनरेटरची चावी जनरेटरवाल्याच्या खिशात नव्हती. ती माझ्यापाशी होती. गाडीत पाठ टेकली होती, डोळा लागला. जाग आली तेव्हा तुमचं ते बिनलाइटीचं सुरू होतं. उठणार तेवढ्यात प्लायवूडवर तो ठेका लागला. अजून पाच मिनिटं बसलो.

गाणाऱ्या ताई

पाच नाही, वीस. पुढच्या सुपारीत डिझेलचे पैसे तुझ्या वाट्यातून.