फोमच्या कॅम्पर ट्रेलरचे कोपरे गोल करताना सांध्यावर उंचवटा राहतो : मदत हवी आहे

नमस्कार.

मी सांगलीत राहतो. दोन माणसांना झोपण्यापुरता, मोटारीमागे ओढता येईल असा कॅम्पर ट्रेलर मी सुट्टीच्या दिवशी घरीच बांधतो आहे. लोखंडी सांगाडा फॅब्रिकेटरकडून करून घेतला. वरची खोली मात्र ५० मिलिमीटर जाडीच्या एक्सपीएस (एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा पण घट्ट) फोमची आहे. शीतगृहांच्या जमिनीखाली घालतात तोच हा फोम, आणि तासगावच्या बाजूला बेदाण्याची शीतगृहे भरपूर असल्याने त्याच्या उरलेल्या शीट मला मिळाल्या.

भिंती आणि छत पॉलियुरेथेन गोंदाने काटकोनात जोडले आहेत. त्यावर पाण्याला टिकणाऱ्या गोंदात भिजवलेला मांजरपाट चिकटवून वरून बाहेरच्या भिंतीचा रंग द्यायचा आहे. धारदार कडेवर कापड नीट बसत नाही आणि तिथेच आधी झिजते, म्हणून कडांना गोलाई देणे भाग आहे.

माझ्या हिशेबाप्रमाणे ७५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली तर कडेला सुमारे ४० मिलिमीटर फोम उरतो. परंतु छत आणि दोन भिंती जिथे एकत्र येतात त्या टोकाला तो ३२ वर येतो. त्रिज्या १०० घेतली तर तिथे जेमतेम १३ उरतो, म्हणून मी ७५ वर थांबलो.

खरी अडचण सांध्याची आहे. वाळलेला गोंद फोमपेक्षा कडक असल्यामुळे पॉलिश पेपर फिरवला की दोन्ही बाजूंचा फोम झिजतो आणि मधोमध गोंदाची रेघ वर राहते. ती काढायला जोर लावावा, तर शेजारी खळगा पडतो. नायक्रोमच्या, म्हणजे वीज सोडून तापवायच्या मिश्रधातूच्या, गरम तारेने फोम कापण्याचाही प्रयत्न केला. कडेच्या दोन्ही टोकांना प्लायवूडचे गोल साचे ठोकून तार त्यांवरून ओढली, पण तार लांब असल्याने तिचा मधला भाग मागे रेंगाळला आणि कड लाटेसारखी झाली. शिवाय गोंदाच्या रेघेवर तार अडखळते ती वेगळीच.

फायबरचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने पॉलिएस्टर रेझिनचा थर सुचवला होता. सुदैवाने मी तो आधी एका तुकड्यावर लावून पाहिला. त्यातल्या स्टायरिन या द्रावकाने फोम विरघळला आणि तिथे खड्डा पडला.

आता जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. सांध्याच्या बाहेरच्या २०-२५ मिलिमीटर भागात गोंद न लावता फक्त आतल्या बाजूने जोडले, तर सांधा पुरेसा मजबूत राहील का? की कोपऱ्याचे तुकडे ४०-५० सेंटिमीटर लांबीचे, आधीच तारेने कापून मग बसवावेत? पडलेले खळगे भिंतीच्या पुट्टीने भरण्याचा सल्ला मिळाला आहे; मला तो पटत नाही, कारण आंबेनळी घाटातल्या हादऱ्यांनी ती तडकेल असे वाटते. त्याऐवजी फोमला न खाणारे आणि त्याच्याइतकेच सहज घासले जाणारे काय वापरता येईल? आणि त्या तीन बाजूंच्या टोकावर कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून ते कुठून कापावे, हे कोणी स्वतः केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. माझी शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे, त्यामुळे कापड पावसाआधी चढवावे लागेल.