सलग अडीच तासांच्या चित्रीकरणासाठी वापरलेला कॅमेरा: कोणता घ्यावा, वीज कशी द्यावी?

चौकट१६बाय९

व्याख्यानं आणि चर्चासत्रं चित्रित करायची आहेत. एकेक सत्र दोन ते अडीच तासांचं असतं आणि मध्ये रेकॉर्डिंग तुटलेलं चालणार नाही. दोन कॅमेरे लागतील, एक वक्त्यावर आणि एक पूर्ण व्यासपीठावर. दोन्ही वापरलेलेच घ्यायचे आहेत. सध्या सोनी ए६३००, पॅनासॉनिक जी७, पॅनासॉनिक जीएच५ आणि कॅनन एम५० डोळ्यांसमोर आहेत. आवाज सभागृहाच्या मिक्सरवरून येईल.

यातला कोणता अडीच तास टिकेल? बॅटरी न बदलता वीज कशी द्यायची, पॉवर बँक चालेल का? आणि वापरलेला कॅमेरा हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं? शटर काउंट विचारून काही कळतं का?

तिपाई

या कामासाठी कॅमेरा निवडताना चित्राचा दर्जा शेवटी बघा. आधी बघायचं ते रेकॉर्डिंगची वेळमर्यादा, उष्णता, विजेची सोय आणि पोर्ट. चौघांचंही चित्र व्याख्यानाला पुरून उरेल. पण चौघांतले सगळेच अडीच तास चालणार नाहीत.

बऱ्याच जुन्या फोटो कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. यामागे तांत्रिक कारण नव्हतं. तीस मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून गणलं जाई आणि त्यावर जास्त जकात बसे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घालून ठेवली. ए६३०० आणि एम५० या दोघांना ती आहे. पूर्ण व्यासपीठावर लावलेल्या कॅमेऱ्याजवळ माणूस नसेल तर हे दोन्ही इथेच बाद होतात.

ए६३०० ची दुसरी अडचण उष्णतेची. ४के मध्ये तो तापून बंद पडतो, गरम खोलीत तर अर्ध्या तासाच्या आतसुद्धा. एम५० ४के मध्ये सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, त्यामुळे चौकट खूप आवळते, आणि ज्या ड्युअल पिक्सल ऑटोफोकससाठी (कॅननची फोकस आपोआप धरून ठेवणारी पद्धत) लोक तो घेतात तोही ४के मध्ये मिळत नाही. १०८०पी साठी मात्र चांगला आहे.

जीएच५ (२०१७) हा खरा या कामाचा कॅमेरा. वेळमर्यादा नाही, ४के मध्ये चौकट कापली जात नाही, हेडफोनचं भोक आहे, एचडीएमआय (मॉनिटरला चित्र देणारं पोर्ट) पूर्ण आकाराचं आहे आणि कार्डाचे दोन खण आहेत. पहिलं कार्ड भरलं की रेकॉर्डिंग दुसऱ्यावर जातं आणि तेवढ्यात पहिलं बदलता येतं. उणीव ऑटोफोकसची. चेहरा स्थिर असतानाही फोकस मध्येच श्वास घेतल्यासारखा पुढेमागे होतो. व्यासपीठाच्या पूर्ण चौकटीसाठी फोकस एकदा हाताने लावायचा आणि सोडून द्यायचा. वक्त्यावरही तेच करा, एफ/५.६ च्या आसपास ठेवा, म्हणजे तो पाऊलभर हलला तरी चेहरा स्पष्ट राहतो.

वक्ता व्यासपीठभर फिरणारा असेल तर ए६३०० ऐवजी ए६४०० (२०१९) शोधा. त्यात वेळमर्यादा नाही आणि डोळा धरून ठेवणारा ऑटोफोकस विश्वासाचा आहे. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ हे ‘हाय’ वर ठेवलं नाहीत तर तोही लवकर बंद होईल. हेडफोनचं भोक मात्र त्यात नाही, म्हणजे आवाज ऐकत रेकॉर्ड करता येणार नाही.

जी७ चौघांत साधा, आणि दुसरा कॅमेरा म्हणून चालतो, पण युरोपसाठी बनलेल्या जी७ ला तीच तीस मिनिटांची मर्यादा आहे. एक गोष्ट घेण्याआधीच बघा: जीएच५ मध्ये ५० आणि ६० हर्ट्झची फ्रेम रेट मेनूतून बदलता येते. जी७ मध्ये ती कॅमेरा कोणत्या प्रदेशासाठी बनला त्यावर ठरलेली असते. एक कॅमेरा २५ फ्रेमचा आणि दुसरा ३० चा असेल तर एडिटिंगला त्रास होतो. शिवाय ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात.

लघुपरिपथ

विजेचं सविस्तर सांगतो, कारण अशी कामं सगळ्यात जास्त तिथेच फसतात.

तुमच्या यादीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांची बॅटरी दोन लिथियम सेलची आहे. वर ७.२ व्होल्ट छापलेलं असतं. पूर्ण भरल्यावर ती ८.४ ला असते आणि रिकामी होताना ६ च्या दिशेने उतरते. डमी बॅटरी म्हणजे त्याच आकाराचा पोकळ ठोकळा, त्यातून बाहेर वायर. त्या वायरीवर कॅमेऱ्याला ७.६ ते ८.४ व्होल्ट स्थिर मिळाले पाहिजेत. सोनीचा स्वतःचा एसी-पीडब्ल्यू२० ७.६ व्होल्ट देतो, पॅनासॉनिकचा एसी अडॅप्टर ८.४ देतो. ९ व्होल्टचा अडॅप्टर सरळ जोडू नका.

हे कॅमेरे ४के रेकॉर्ड करताना साधारण ५ ते ९ वॅट घेतात. सोनीची एनपी-एफडब्ल्यू५० सुमारे ७.३ वॅट-अवरची, म्हणजे तासाभरात संपते. जीएच५ ची बॅटरी १३ वॅट-अवरच्या थोडी वर, पावणेदोन तासांच्या आसपास जाते. अडीच तास कोणाचेच होत नाहीत.

सॉकेट जवळ असेल तर डमी आणि अडॅप्टर. नसेल तर सगळ्यात सोपा मार्ग एनपी-एफ९७० ही मोठी व्हिडिओ बॅटरी आणि तिला डमीशी जोडणारी प्लेट. तीही दोन सेलचीच असल्यामुळे व्होल्टेज जुळतं, मध्ये परिपथ कमी लागतो आणि उष्णता कमी होते. सुमारे ४५ वॅट-अवर म्हणजे ७ वॅटला सहा तासांच्या वर.

पॉवर बँक चालते, पण तिथे गणित नीट करा. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॅट-अवर. व्होल्टेज चढवताना वाया जाणारं धरून साठच्या आसपास हाती लागतात. ७ वॅटला आठ तास होतात, क्षमतेचा प्रश्नच नाही. गाडी अडते ती वायरीवर. यूएसबीचे ५ व्होल्ट डमीच्या वायरीतला छोटा परिपथ ८ पर्यंत चढवतो आणि त्यासाठी ५ व्होल्टच्या बाजूला दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. पातळ २८ गेज तारेची दोन मीटर यूएसबी केबल असेल तर जाता-येता मिळून सुमारे ०.८५ ओहम रोध होतो आणि दोन अँपिअरला १.७ व्होल्ट तारेतच जातात. परिपथाला ३.३ व्होल्टच पोचतात आणि कॅमेरा बंद पडतो. गंमत म्हणजे नुसतं चित्र दिसेपर्यंत सगळं ठीक असतं. रेकॉर्डचं बटण दाबलं किंवा लेन्सची मोटर फिरली की करंट वाढतो आणि मग पडतो. म्हणून ५ व्होल्टची बाजू अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, पॉवर बँक तिपाईलाच बांधा. लांबी वाढवायचीच तर अडॅप्टरच्या अलीकडे, भिंतीच्या सॉकेटच्या बाजूला वाढवा.

आणखी दोन गोष्टी. काही पॉवर बँका करंट कमी झाला की ‘कोणी जोडलेलं नाही’ असं समजून बंद होतात. कॅमेरा स्टँडबायवर गेला की हे घडतं. आणि पॅनासॉनिकचे कॅमेरे बॅटरीतली चिप तपासतात. चिप नसलेली डमी लावली तर ही बॅटरी वापरता येणार नाही असा संदेश येतो. घेताना ‘फुल डिकोडेड’ लिहिलेलीच घ्या.

कोणतीही नवी डमी कॅमेऱ्यात घालण्याआधी मल्टीमीटरने बघा. संपर्कांवर अधिक-उणे खऱ्या बॅटरीसारखेच आहेत का? रिकाम्या स्थितीत ८.५ च्या वर तर नाही? मग ६.८ ओहम, २० वॅटचा रेझिस्टर दोन मिनिटं जोडा. ८ व्होल्टला तो सुमारे ९.४ वॅट ओढतो. तेवढ्या भारावर व्होल्टेज ७.२ च्या खाली गेलं तर ती डमी अडीच तासांच्या कामाची नाही. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, हातात धरू नका.

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर नुसतं शेवटचं मिनिट जात नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. ती लिहायची राहिली तर अख्खी फाइल उघडत नाही. अशा वेळी त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका, कार्ड फॉरमॅट करू नका. सोनीचा कॅमेरा डेटाबेस दुरुस्त करू का विचारतो, त्याला हो म्हणा. नाहीच जमलं तर त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल नमुना म्हणून देऊन ‘अनट्रंक’ या मुक्त प्रोग्रॅमने बरंच परत मिळतं.

भिंग_आणि_बुरशी

शटर काउंटला या कामात अर्थ नाही. तो यांत्रिक पडद्याचा आकडा, व्हिडिओत पडदा उघडाच असतो. दोन हजार फोटो दाखवणारा कॅमेरा शेकडो तास व्हिडिओला वापरलेला असू शकतो. व्हिडिओची झीज पोर्टवर, स्क्रीनच्या बिजागरीवर आणि तळाच्या तिपाईच्या आट्यांवर दिसते.

एचडीएमआय केबल लावून मॉनिटरवर चित्र बघत प्लग हलकेच वर-खाली करा. चित्र तुटलं तर सोल्डर सुटलेलं आहे. ए६३००, ए६४००, जी७ आणि एम५० चं मायक्रो एचडीएमआय याच जागी मरतं. पोर्ट चांगला असला तरी केबल घट्ट धरणारा क्लॅम्प असलेला केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट) लावाच.

स्क्रीन पूर्ण उघडा, फिरवा, बंद करा. मध्येच चित्र लुकलुकलं तर आतली रिबन केबल जाण्याच्या मार्गावर आहे.

लेन्सला झाकण लावा, आयएसओ ३२०० ला अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. एकदोन चमकते ठिपके असतील तर पॅनासॉनिकमध्ये मेनूतल्या ‘पिक्सल रिफ्रेश’ने जातात. पण सरळ रंगीत रेघ किंवा ठिपक्यांची ओळ दिसली तर ती स्टेजवरच्या लेझरने भाजलेल्या सेन्सरची खूण असू शकते आणि ती जात नाही. कार्यक्रमांत फिरलेल्या कॅमेऱ्यांत हे आवर्जून बघा.

मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो, धुळीसाठी. मागून टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशीची जाळी. जीएच५ बंद असताना हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. तो सेन्सरचा स्थिरीकरणाचा भाग आहे, घाबरू नका. चालू केल्यावरही खडखड राहिली तर घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी वेळखाऊ आहे: तुमच्याच कार्डावर, तुम्हाला लागणाऱ्या सेटिंगला, निदान पाऊण तास सलग रेकॉर्डिंग. विकणारा एवढा वेळ देत नसेल तर दुसरा कॅमेरा शोधा.

बॅटरीच्या दाराजवळ डमीची वायर बाहेर यायची छोटी रबरी झडप असते. ती तुटलेली चालेल, पण दार नीट बंद झालं पाहिजे. दाराचा स्विच दाबला गेला नाही तर कॅमेरा सुरूच होत नाही.

सोनीचा स्वस्तात मिळणारा कॅमेरा असेल तर मेनू उघडून भाषा बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या कॅमेऱ्यांत फक्त जपानी भाषा असते.

चौकट१६बाय९

मग दोन्ही जीएच५ घेण्याकडे कल आहे. दोन शंका. त्याला यूएसबीने थेट वीज देता येते का? आणि मिक्सरचा आवाज कॅमेऱ्यात घेताना गुणगुण येते असं वाचलं, ती कशाने?

लघुपरिपथ

जीएच५ यूएसबीवर चालत नाही, चार्जही होत नाही. ती सोय पुढच्या जीएच५ मार्क टू मध्ये आली. डमी लागणारच. ए६४०० यूएसबीवर चालतो, पण आत बॅटरी असावी लागते आणि ४के मध्ये ती हळूहळू उतरत राहते. अडीच तासांसाठी त्यालाही डमीच बरी.

गुणगुण बहुतेकदा ग्राउंड लूपची, म्हणजे वेगवेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमधून केबलवाटे फिरणाऱ्या करंटची. मिक्सर एका सॉकेटवर, कॅमेऱ्याचा अडॅप्टर दुसऱ्यावर, एचडीएमआयने जोडलेला लॅपटॉप तिसऱ्यावर, आणि ऑडिओ केबलच्या तारेभोवतीची धातूची जाळी हे सगळं एकमेकांना जोडते. कॅमेरा एनपी-एफ वर चालवून बघा. गुणगुण गेली तर कारण सापडलं. अडॅप्टरच वापरायचा तर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देऊन तारांचा थेट जोड तोडणारी डबी) घाला.

तिपाई

आवाजाबाबत एक भर, कारण हे गुणगुणीपेक्षा वाईट. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून (जिथे एकच आवाज दोन तारांवर सरळ आणि उलटा जातो) साधी स्टिरिओ केबल कॅमेऱ्यात घातली तर कॅमेरा एकाच आवाजाचे सरळ आणि उलटे असे दोन तरंग डावा-उजवा म्हणून घेतो. हेडफोनवर ऐकताना आवाज फक्त विचित्र, पसरल्यासारखा वाटतो. पण फोनच्या एका स्पीकरवर मोनो झालं की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि वक्ता जवळजवळ गायब होतो. मिक्सरवर अनबॅलन्स्ड आउटपुट असेल तर तिथून घ्या, नाहीतर त्यासाठी बनवलेली केबल वापरा. जीएच५ च्या मेनूत माइकचं सॉकेट ‘लाइन’ वर करा. जी७ मध्ये सुमारे २५ डेसिबलची पॅड केबल (आवाजाची पातळी खाली आणणारी) लावा, नाहीतर आवाज फाटतो.

कार्डाचा हिशोब: १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी. अडीच तासांना ११२ जीबीच्या आसपास, म्हणजे १२८ चं कार्ड जवळजवळ भरतं. २५६ चं घ्या किंवा दोन खणांची सोय वापरा. लिहिण्याच्या वेगाचा कार्डावरचा शिक्का व्ही३० असला तरी पुरतं, जीएच५ चं ४०० मेगाबिटचं सेटिंग निवडलंत तर व्ही६० लागेल, पण व्याख्यानाला ते नको. नवं कार्ड आधी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून वाचून बघा. बनावट कार्ड पहिला काही भाग नीट लिहितं आणि पुढचं सगळं गिळतं.