पथ्रोटचं स्टेशन पाडायचं? आधी शकुंतला कोणाची ते तरी नीट सांगा

पथ्रोटवाला:
दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरते आहे. तिचा सूर असा : शकुंतला (यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली बंद पडलेली अरुंद रेल्वे) अजून इंग्रजांची आहे, आपण त्यांना दरसाल रॉयल्टी भरतो, अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी कापूस लुटायला ती बांधली, म्हणून पथ्रोटसारखी बंद पडलेली स्टेशनं ही 'गुलामगिरीची खूण' समजून पाडा आणि जागा दुकानांना द्या. खाली शंभर जणांनी 'बरोबर' लिहिलंय. मला राहवलं नाही.

अमेरिकेतली यादवी 1865 ला संपली. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची) मोठी लाइन नागपूरला पोचली 1867 मध्ये. बडनेरा-अमरावती आणि जलंब-खामगाव हे कापसाचे फाटे त्यानंतरचे. आपली अडीच फुटी लाइन विसाव्या शतकातली, अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर आणि पुढे यवतमाळपर्यंत 113. चाळीस-पन्नास वर्षांचा फरक आहे, राजेहो!

मालक सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन. स्वातंत्र्यानंतर किलिक भारतीयांच्या हातात गेली. मग 'इंग्रज' आले कुठून? आपल्या आजोबांनी जिथून केळी आणि पानपिंपळी गाडीत चढवली ती जागा खोट्या गोष्टीवर पाडायची, हे मला मान्य नाही.

सातपुडा_77:
तारखा बरोबर असतील. पण कापूस मँचेस्टरला जायचा की नाही? इंजिनसुद्धा 1921 साली मँचेस्टरलाच बनलेलं. वऱ्हाडचा कास्तकार तेव्हाही कर्जात होता, आजही आहे. मागच्या पावसाळ्यात वडिलांना रात्री अमरावतीला न्यायला भाड्याची गाडी करावी लागली, मागितले तेवढे पैसे मोजले. तेव्हा मला जुनी इमारत नको होती, धावणारी गाडी हवी होती. आठवणींनी पेशंट पोचत नाही.

मूर्तिजापूरची_सून:
भाऊ, तुमचं दुःख खरं हाय. पण शकुंतला धावत होती तवा गरिबालेच परवडे ना? एसटीच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. माही सासू अंजनगावच्या बाजारातून डोक्यावर टोपलं घेऊन याच गाडीनं परत ये. हळू चाले, मान्य. पण बाईमाणूस एकटी बिनघोर बसे तिच्यात. ते सोडून इंग्रज इंग्रज काय लावलं?

हिशेबी:
मूळ मुद्दा सोडू नका. धागाकर्ते 'भारतीय कंपनी' म्हणून हात झटकतात. 1951 मध्ये देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही मात्र राहून गेली. गाडी चालवायची रेल्वेनं, रूळ कंपनीचे, दर दहा वर्षांनी करार. मालक मुंबईचा असो नाहीतर लंडनचा, खाजगी मालकीमुळे कोणी दुरुस्तीला हात लावला नाही. स्टेशनं मेली ती त्यामुळे.

पथ्रोटवाला:
@हिशेबी, हे मी कुठं नाकारलं? पोस्टमध्ये 'इंग्रजांना रॉयल्टी' आहे, मी त्याला उत्तर दिलं. रॉयल्टीचा आकडा कोणी सव्वा कोटी म्हणतो, कोणी दोन कोटी. एकानं तरी कागद दाखवला का?

हिशेबी:
कागद तुम्हीही दाखवला नाही. किलिक भारतीय झाली हे तुमच्या शब्दावर मानायचं?

पथ्रोटवाला:
1857 पासून मुंबईत असलेली कंपनी आहे, लपलेली गोष्ट नाही. न वाचता भांडायचं असेल तर माझा वेळ घेऊ नका.

हिशेबी:
वेळ तुम्हीच मागितला, धागा काढून. आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत गेल्या. मला न वाचणारा म्हणू नका.

आर्वीकर:
तुम्ही दोघं मालकीवर भांडता, आमच्या पुलगाव-आर्वीचं नाव कोणी घेत नाही. 35 किलोमीटरची तीही अरुंद लाइन, तीही बंद. आमची आर्वी कापसाची पेठ होती. यवतमाळवाल्यांना निदान वर्धा-नांदेड लाइन मिळते आहे, 2024 मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली. आम्हाला काय?

सातपुडा_77:
@आर्वीकर, पाहा ना! 2016 मध्ये शकुंतलेच्या ब्रॉडगेजसाठी 1,500 कोटींची घोषणा झाली. अचलपूरच्या बाजूला एक नवा रूळ दिसतो का? आणि इथं लोक इंजिनाच्या आठवणी काढत बसलेत.

मूर्तिजापूरची_सून:
काहून काढू नाही? 1923 पासून 1994 पर्यंत एकाच इंजिनानं ओढली गाडी. सात माणसं मिळून सारं करत, तिकीट फाडण्यापासून इंजिन सोडवण्यापर्यंत. त्या माणसांची काही किंमत नाही का?

सातपुडा_77:
माणसांची आहे. ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून माझी आजी आठवली, तीही पथ्रोटवरूनच चढायची. ठीक आहे, 'गुलामगिरीची खूण' हे शब्द चुकीचे आहेत, तेवढं सोडतो. पण दुकानं नकोत तर तिथं काय हवं ते सांगा. कुलूप लावून ठेवलेली इमारत पाच वर्षांत आपणच पडेल.

पथ्रोटवाला:
तिथं हॉल्ट, म्हणजे गाडीचा छोटा थांबा, हवा. ब्रॉडगेज आली तर त्याच जागेवर, आणि जुनी इमारत तिकीटघर म्हणून. दुकानांना एकदा जागा गेली की रुळासाठी परत मिळणार नाही, मग अचलपूरची लाइन कायमची संपली समजा. म्हणून मी पाडण्याला विरोध करतोय, नुसत्या आठवणीसाठी नाही.

हिशेबी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एवढा वाद झाला नसता. जागेचा मुद्दा पटला. मालकीचा नाही.

सातपुडा_77:
ग्रामसभेत ठराव आणा, मी सही करतो. अट एक : पहिली ओळ ब्रॉडगेजची, इमारत दुसऱ्या ओळीत.

पथ्रोटवाला:
चालेल. मसुदा उद्या इथंच टाकतो. आर्वीकर, तुम्हीही तुमच्या गावचा करा, दोन्ही ठराव एकत्र पाठवू.