मदत हवी आहे: अकरा वर्षांच्या लेकीला झेंडेयासारखं टीव्हीत जायचंय, आईवडिलांनी काय करावं?

फ्रीमाँटकरीण:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात या विषयावर रोज रात्री वाद होतोय, म्हणून तुमचं मत हवंय.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. लेक अकरा वर्षांची, सहावीत. मंडळाच्या गणेशोत्सवातल्या बालनाट्यात पाचव्या वर्षी ससा झाली, तेव्हापासून नाटकाशिवाय तिला दुसरं काही सुचत नाही. दोन वर्षं इथल्या मुलांच्या इंग्रजी नाटकांतही कामं करतेय. गेल्या महिन्यात एका प्रयोगानंतर एका बाईंनी माझ्या हातात कार्ड दिलं. कलाकारांची एजन्सी आहे, मुलीला घेऊन भेटायला या म्हणाल्या. झालं, त्या दिवसापासून लेकीच्या तोंडी एकच नाव, झेंडेया, डिस्नीच्या मालिकांतून पुढे आलेली नटी. "आई, ती हॉलिवूडमध्ये नाही जन्मली. ती ऑकलंडची आहे. आपल्याकडून बार्टच्या लोकलने अर्ध्या तासावर!" यावर मला उत्तर देता येत नाही, कारण खरंच आहे ते.

नवरा म्हणतो, लाखात एखादीचं असं होतं, बाकीच्या मुलींचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. सासूबाई साताऱ्याहून फोनवर एवढंच विचारतात, शाळेचं काय? मला दोघांचंही पटतं. आणि लेक आरशासमोर उभी राहून संवाद म्हणताना दिसली की तिचंही पटतं.

झेंडेयाचे पुरस्कार नका सांगू, ते लेकीला पाठ आहेत. मला तिच्या आईवडिलांबद्दल विचारायचंय. ती अकरा-बारा वर्षांची असताना त्यांनी नेमकं काय केलं? शाळा कशी सांभाळली? पैसे कुणाच्या हातात गेले? आणि इतक्या लहान वयात या धंद्यात शिरून ही मुलगी धड कशी राहिली?

अजून एक. गेल्या वर्षी आम्ही एका हॉटेलात भरलेल्या 'टॅलेंट' कार्यक्रमाला गेलो होतो. लेकीची निवड झाली म्हणाले आणि पाठोपाठ फोटो, वर्ग वगैरे मिळून साडेचार हजार डॉलर मागितले. आम्ही भरले नाहीत. लेक दोन दिवस नीट जेवली नव्हती. त्यामुळे या नव्या कार्डाचीही धास्ती वाटते.


लेकमेरिट:

ताई, मी ऑकलंडमध्येच शिक्षिका आहे, त्यामुळे या मुलीची गोष्ट मला जवळची वाटते. तिचे आईवडील दोघंही शिक्षक. आई फ्रूटव्हेल भागातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची आणि झेंडेया त्याच शाळेत होती. वडील व्यायामशिक्षक. जन्म १ सप्टेंबर १९९६ चा. लहानपणी इतकी बुजरी की बालवाडीचं वर्ष पुन्हा करावं लागलं. तुमची लेक पाचव्या वर्षी ससा होऊन नाचत होती, त्या वयात ही वर्गात तोंडही उघडत नव्हती!

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तिची आई उन्हाळ्याच्या सुट्टीत ओरिंडाच्या डोंगरातल्या कॅलिफोर्निया शेक्सपिअर थिएटरमध्ये प्रेक्षागृह व्यवस्थापक म्हणून काम करायची. डोंगराच्या कुशीतलं उघडं नाट्यगृह ते, संध्याकाळी गार वारा सुटायचा, लोक घोंगड्या घेऊन यायचे. ती नाट्यसंस्था २०२४ मध्ये बंद झाली. झेंडेया तिथे लोकांना खुर्च्या दाखवायची, देणगीची तिकिटं विकायची आणि मग बसून शेक्सपिअर बघायची. पुढे तिथल्याच वर्गांत शिकली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन कन्झर्व्हेटरी थिएटरमध्येही शिकली. हिपहॉपच्या एका चमूत तीन वर्षं, हवाईयन हुला दोन वर्षं. बर्कलीत आणि पालो आल्टोत व्यावसायिक नाटकांत छोटी कामं केली, त्यातलं एक तर मुळात मुलाचं पात्र होतं. माध्यमिक शाळा ऑकलंड स्कूल फॉर द आर्ट्स.

हे सगळं टीव्हीच्या आधीचं आहे, आणि बहुतेक सगळं घरापासून तासाभराच्या आत. अकराव्या वर्षी काय केलं असं विचारता ना? नाटक करू दिलं, आणि दुसऱ्यांची नाटकं भरपूर बघू दिली. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो आणि मुलाखतींत त्याच्यावरूनच लोक पटकन पुढे जातात.

मग ती सातवीत असताना वडिलांनी नोकरी सोडली आणि तिला घेऊन लॉस एंजेलिसला गेले. आई नोकरीसाठी मागे राहिली. सुरुवातीला काय, तर कपड्यांच्या दुकानांसाठी मॉडेलिंग आणि एका जाहिरातीत सेलेना गोमेझच्या मागे नाचणाऱ्यांतली एक. ७ नोव्हेंबर २०१० ला डिस्नी चॅनेलवर 'शेक इट अप' सुरू झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

(तिचं नाव शोना भाषेतल्या 'टेंदाई' या शब्दावरून आहे, म्हणजे आभार माना. आमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं की फार आवडतं.)


सह्याद्री_७२:

फ्रीमाँटकरीणताई, एक व्यवहाराचा प्रश्न. तुम्ही एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहात का? असाल तर झेंडेयाच्या वडिलांचा मार्ग तुम्हाला बंद आहे हे आधी ध्यानात घ्या. त्यांनी नोकरी सोडली आणि सहा तास गाडी चालवून नव्या शहरात गेले. आपल्यातल्या माणसाने नोकरी सोडली तर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आपण किती वर्षं आहोत हे तुम्हाला सांगायला नको. मुलगी इथे जन्मलेली असेल तर तिला काम करायला अडचण नाही. ती एच-फोर वर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल तर मात्र पैसे घेऊन काम करताच येणार नाही, एका दिवसाची जाहिरातसुद्धा नाही. एजंटला भेटण्यापूर्वी हे बघा.


फ्रीमाँटकरीण:

लेकमेरिटताई, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. ओरिंडाला आम्ही किती वेळा गेलो असू, हे माहीतच नव्हतं.

सह्याद्री, लेक इथेच जन्मली, त्यामुळे तिचं ठीक. नवरा एच-वन-बी वर, मी एच-फोर ईएडीवर, म्हणजे एच-फोरवाल्या जोडीदाराला मिळणाऱ्या काम-परवान्यावर, नोकरी करते. दोघांपैकी एकानेही नोकरी सोडणं परवडणारं नाही. हे त्यालाही वाचून दाखवलं. तो गप्प बसला, कारण त्याच्या मनात तेच होतं आणि लेकीसमोर बोलवत नव्हतं.


बर्बँकचा_बाबा:

माझा मुलगा नऊ ते तेरा या वयात जाहिराती आणि एका मालिकेत काम करत होता. आता सोडलंय त्याने, स्वतःहून. जे पाहिलं ते सांगतो.

त्या हॉटेलवाल्यांना पैसे दिले नाहीत ते उत्तम केलंत. कॅलिफोर्नियात प्रतिनिधित्वासाठी आगाऊ पैसे घेणं कायद्याने बंद आहे. एजंटला लेबर कमिशनरचा, म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्ताचा परवाना लागतो, तो ऑनलाइन तपासता येतो. एजंट साधारण दहा टक्के घेतो, तेही मुलीला काम मिळून पैसे आल्यावर. कार्डवालीचा परवाना असेल तर भेटून या, भेटण्यात काही जात नाही. आधी पैसे मागितले तर उठून निघून या.

शाळेचं काय, या आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या कायद्यात आहे. काम करायचं तर मुलीला वर्क परमिट लागतं. ते सहा महिन्यांपुरतं असतं आणि त्यावर शाळेची सही लागते की हजेरी आणि गुण ठीक आहेत. गुण घसरले की परमिट अडतं. शाळा चालू असताना नऊ ते सोळा वर्षांच्या मुलाला सेटवर जास्तीत जास्त नऊ तास, त्यात काम पाच तास, अभ्यास तीन तास, विश्रांती एक तास. जेवणाचा अर्धा तास वेगळा. सेटवर स्टुडिओ टीचर असतो आणि त्याला नुसतं गणित शिकवायचं नसतं, मुलाच्या तब्येतीची, सुरक्षेची जबाबदारीही त्याची. आमच्या टीचरबाईंनी एकदा रात्री शूटिंग थांबवलं होतं, दिग्दर्शक चिडला तरी. मी त्या बाईंना कधी विसरणार नाही. सोळापर्यंत आईबाप मुलाला दिसतील किंवा ऐकू येतील इतक्या अंतरावर हवेत, म्हणजे तुमच्यापैकी एकाचा दिवस दर वेळी जाणार. रजेचा हिशोब आजच मांडून बघा. झेंडेयाने २०१५ साली हायस्कूल पूर्ण केलं, तेव्हा ती दुसऱ्या मालिकेची नायिका होती. म्हणजे शाळा पुरी होते, पण त्यामागे घरातलं एक माणूस पूर्णवेळ उभं राहावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर कूगन खातं. जॅकी कूगन हा १९२१ च्या 'द किड' मधला चॅप्लिनबरोबरचा छोटा मुलगा. लाखो डॉलर कमावले त्याने. मोठा झाल्यावर कळलं, आई आणि सावत्र बापाने सगळे उडवले. १९३८ साली त्याने खटला भरला, हाती आले जेमतेम सव्वा लाख. त्यावरून १९३९ चा कायदा झाला. आज मुलाच्या कमाईतले १५ टक्के थेट बंद खात्यात जातात, अठरा होईपर्यंत कुणाला हात लावता येत नाही. आम्ही १५ वर थांबलो नाही, खर्च आणि कर वजा जाता सगळंच त्याच्या नावावर ठेवलं. मुलाच्या पैशावर घर चालायला लागलं की मुलाला "नको" म्हणता येत नाही.


रातराणी:

बर्बँकच्या बाबांचं शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण झेंडेयाच्या बाबतीत मी नेमकं हेच शोधत होते. ही मुलगी "नको" म्हणू शकली. 'शेक इट अप' मध्ये तिला चुंबनाचं दृश्य होतं. ती म्हणाली, माझं खऱ्या आयुष्यातलं पहिलं अजून व्हायचंय, ते कॅमेऱ्यासमोर नको, मी गालावर करेन. गालावर झालं. पुढे सोळा-सतराव्या वर्षी डिस्नीने दुसरी मालिका देऊ केली तेव्हा तिने अटी घातल्या. मला निर्माती करा. पात्राचं नाव बदला. ती गाणारी-नाचणारी नको, हुशार आणि मारामारी येणारी हवी. घरचे सगळे काळ्या वर्णाचे हवेत. तीच ती २०१५ ची 'के. सी. अंडरकव्हर'. इतक्या लहान मुलीत हे बळ कुठून येतं? माझ्या मते ऑकलंडला परत यायला घर होतं आणि तिथे आईची नोकरी चालू होती, म्हणून.

याच्या उलट जेनेट मॅककर्डी, तीही बालकलाकार. तिची 'आयकार्ली' ही मालिका माझ्या मुलींनी पाहिलीय. २०२२ साली तिने आत्मचरित्रात लिहिलं की अभिनय तिला करायचाच नव्हता, आईला हवा होता. आईने अकराव्या वर्षी तिला कॅलरी मोजून कमी खायला शिकवलं, वाढ थांबावी आणि लहान मुलांच्या भूमिका मिळत राहाव्यात म्हणून. अकराव्या वर्षी, ताई. तुमच्या लेकीचं वय. घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. तुम्ही ज्या पद्धतीने प्रश्न विचारलाय त्यावरून तुम्ही तशा आई नाही हे दिसतंच.

आणि लेक 'युफोरिया' मागेल तर आत्ता देऊ नका. २०१९ ची ती मालिका व्यसनात अडकलेल्या मुलीची आहे, तिच्याच भूमिकेसाठी झेंडेयाला २०२० मध्ये चोविसाव्या वर्षी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, नाट्यमय मालिकेतल्या मुख्य अभिनेत्रीच्या विभागातली सर्वांत तरुण विजेती. २०२२ मध्ये पुन्हा मिळाला. काम अप्रतिम आहे, पण ही मालिका प्रौढांसाठी आहे असं दुसऱ्या सीझनच्या आधी झेंडेयाने स्वतःच लोकांना सांगितलं होतं. लेकीला तिचंच म्हणणं ऐकवा, तुमच्यापेक्षा लवकर पटेल.


शिवाजीपार्क_कट्टा:

इकडचंही थोडं सांगतो. माझी भाची मराठी मालिकेत होती. भारतात २०१७ च्या नियमांनुसार मुलांना दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईचे निदान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. नियम चांगले आहेत, पण सेटवर घड्याळ बघायला तिची आई रोज स्वतः बसायची. कायदा कुठलाही असो, आईचं घड्याळ चालू ठेवा.


फ्रीमाँटकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर हा धागा पहिल्यापासून वाचला. लेकीला मराठी वाचायला वेळ लागतो, तरी तिने हट्टाने स्वतः वाचला.

एजंटबाईंचा परवाना तपासला, चालू आहे. शनिवारी भेटतोय, पैशाचा विषय निघाला तर उठायचं हे तिघांचं ठरलंय. गाव सोडायचं नाही हे लेकीनेच म्हटलं, "तिची आई पण ऑकलंडलाच होती ना." हल्ली पहिल्या ऑडिशन्स बहुतेक घरूनच रेकॉर्ड करून पाठवतात असं ऐकलं, तेवढं वर्षभर करून बघू. गणपतीतलं नाटक सुटणार नाही. आणि गालावरच्या चुंबनाची गोष्ट तिने मला परत वाचायला लावली. मग विचारलं, "म्हणजे मी पण नाही म्हणू शकते?" मी म्हटलं, कधीही, सेटवर पोचल्यावरसुद्धा. नवरा म्हणाला, मी गाडी चालू ठेवून बाहेर उभा असेन.

आता एकच विचारायचं राहिलं. कूगन खातं कुठे उघडलंत? आमच्या बँकेतल्या मुलाला शब्दच माहीत नव्हता.


बर्बँकचा_बाबा:

सगळ्या बँका उघडत नाहीत. कलाकारांसाठीच्या क्रेडिट युनियन आहेत, त्या रोज उघडतात, त्यांना फोन करा. मुलीचा जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक हाताशी ठेवा. काम मिळायची वाट बघू नका, आधीच उघडून ठेवा. आणि शनिवारी काय झालं ते इथे नक्की लिहा.